बाजरीवर लावलेली गिटार

मागच्या वर्षी पुण्याहून एक कीबोर्ड वाजवणारे गृहस्थ आमच्याकडे आले होते. यांच्या शिष्यांनी यांच्या आठवणीत कार्यक्रम ठेवला होता, त्यासाठी त्यांना बोलावलं होतं. तालीम आटोपल्यावर ते घाम पुसत माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण एक विचारतो. तुमच्या शहरातली ही सगळी गिटारवाली पोरं थोडी चढी वाजवतात. अगदी थोडी, पण सगळी सारखीच. माझ्या कीबोर्डला कुणी म्हणजे कुणी जुळत नाही. आणि पायात बूट असताना लाकडी पाटावर का उभी राहतात?"

मी म्हटलं, "चढी वाजवतात ती बाजरीमुळं, आणि पाटावर उभी राहतात ती शॉकमुळं."

ते हसले. वय झालं बाईचं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी त्यांना चहा दिला. पुण्याच्या माणसाला बाजरीपासून समजावत बसायचं म्हणजे रात्र झाली असती. त्यांना नाही सांगितलं ते इथं सांगते.

'यांच्या' म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. नाव मी फक्त उखाण्यात घेते, आणि हा उखाणा नाही.

माझं माहेर गंगापूर तालुक्यातलं. मधल्या माणसानं स्थळ आणलं तेव्हा एवढंच सांगितलं, की मुलगा एकुलता एक आहे, कन्नडकडं थोडी शेती आहे, शहरात स्वतःची पिठाची गिरणी आहे आणि मुलगा वाजवतो. माझ्या वडिलांनी गृहीत धरलं की भजनात पेटी वाजवत असेल. वाजवणारा माणूस व्यसनी नसतो असा त्यांचा एक समज होता. बघायला आले त्या दिवशी हे एसटीतून उतरले ते खांद्यावर गिटार आणि मानेवर केस घेऊन. केस माझ्यापेक्षा बरे होते. वडील बराच वेळ त्या गिटारीकडं बघत राहिले आणि पोहे खाता खाता त्यांनी हळूच विचारलं, "हिच्यावर अभंग वाजतो का?"

"वाजतो की," हे म्हणाले, आणि वाजवला. अभंगच होता तो, नाही म्हणत नाही. पण भजनी बुवाच्या मागं कुत्रं लागलं तर बुवा जसा म्हणेल तसा. आमची म्हैस दावं तोडून गेली. ती तशीही पळकी होती, पण गावात मात्र आजही नाव यांचंच घेतात. रात्री वडील मला म्हणाले, "पोरी, नीट विचार कर." मी काय विचार करणार? मला त्या सगळ्या प्रकारानं मनापासून हसू आलं होतं, आणि जो हसवतो त्याच्याजवळ दिवस बरे जातील, एवढीच माझी तेव्हाची अक्कल होती. ती काही चुकीची ठरली नाही.

गिटार यांच्याकडं आली तीही एका पोटदुखीपायी. वेरूळची लेणी बघायला आलेला एक गोरा पोरगा रस्त्यावरचं काहीतरी खाऊन आडवा झाला होता. हे तेव्हा कॉलेजात होते. त्याला उचलून घरी आणलं, आठवडाभर मऊ भात आणि ताक पाजून उभा केला. जाताना तो गिटार ठेवून गेला. बोटं कुठं ठेवायची ते दाखवून गेला, पण तारा कोणत्या सुरात लावायच्या ते सांगायच्या आत त्याची बस आली. घरात ना पेटी ना तंबोरा. घरात होती ती गिरणी.

गिरणी माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामा म्हणायचे आणि हे आबा म्हणायचे. पोलीस ॲक्शननंतर मामा गाव सोडून शहरात आले, दुसऱ्याच्या गिरणीत राबले आणि पुढं पुंडलिकनगरात स्वतःची टाकली. मी नांदायला आले तेव्हा तिथं निम्मी घरं आणि निम्मी बाभळीची झुडपं होती. खाली गिरणी, वर आम्ही. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. सकाळी मोटर सुरू झाली की पायाखालची फरशी, भिंतीवरची भांडी आणि आमची झोप एकदमच हलायची.

त्या गिरणीच्या आवाजावर यांनी गिटार लावली. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण यांचं म्हणणं होतं की दिवसभर न थकता एकच सूर धरणारं त्या घरात दुसरं कोणी नाही. त्यात मी पण आले. मात्र त्यातही यांची एक खोच होती. गहू लागला की गिरणी कण्हते, ज्वारी लागली की बरी बोलते, पण एकसारखा स्वच्छ सूर लागतो तो बाजरीवर. म्हणून हे जिन्यातून ओरडायचे, "बाजरी आली का?" कुणाचा बाजरीचा डबा जात्यात पडला की तीन-तीन पायऱ्या उतरून खाली यायचे आणि खांबाला कान लावून तारा पिळायचे. बाजरीवाल्या बाईला वाटायचं, आपल्या पिठाचं काहीतरी चुकलं.

थंडीत ठीक होतं. उन्हाळ्यात बाजरी कोण दळतं? ती उष्ण. मग यांच्या सुरासाठी मी घरची बाजरी दळायची, आणि दळली म्हणजे खाल्ली पाहिजे. वैशाखात बाजरीची भाकरी खाणारं आख्ख्या शहरात आमचंच एक घर असेल. माझ्या तोंडाला फोड आला की शेजारीण विचारायची, "काय, कार्यक्रम आहे वाटतं यांचा?"

पुढं पोरं शिकायला येऊ लागली. यांनी आपल्या गिटारीवरून त्यांच्या गिटारी लावून दिल्या, त्या पोरांनी मोठं होऊन आपल्या पोरांच्या लावल्या. आता मोबाईलमध्ये सूर दाखवणारं यंत्र असतं म्हणतात. या दिवट्यांनी त्या यंत्रातसुद्धा आमच्या गिरणीचा सूर बसवून घेतलाय.

पाटाचं असं. गिटारीत वीज सोडायची कल्पना यांना रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मित्रानं दिली. त्यानंच एका लाकडी खोक्यात मोठा कर्णा बसवून दिला, त्याला आम्ही सगळे खोकं म्हणायचो. वाद्य म्हणजे सरस्वती, तेव्हा चपला घालून वाजवायचं नाही, हा यांचा नेम. आमच्याकडच्या मांडवातली वायरिंग कशी असते ते ठाऊक आहेच. पहिल्याच गणपतीत हे अनवाणी उभे राहिले, तारेला हात लावला आणि असे उडाले की लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, गाण्यातच आहे. दुसऱ्या कार्यक्रमाला मी घरातून पाट दिला. माझ्या माहेरचा, लग्नातला, कडेला पितळी फुलं ठोकलेला. त्यावर उभं राहून हे आयुष्यभर वाजवत आले. पोरांनी मानलं की ही विद्याच पाटावरची आहे. आज त्यांच्याकडं उत्तम वायरिंग आहे, जाड तळव्याचे बूट आहेत, आणि तरी प्रत्येकाच्या गाडीत एकेक पाट असतो.

यांची गाणी मात्र खरोखर यांचीच होती. इंग्रजी गाणार नाही, सिनेमातलं तर मुळीच नाही, असा हट्ट. मग उरलं काय? पाण्याचा टँकर, एसटीची खिडकी, भोंगा, दळणाला लावलेली डब्यांची रांग. टँकरवर यांचं एक गाणं होतं, त्यात मध्येच सगळे थांबायचे आणि फक्त ड्रमवाला हंडे आपटल्यासारखं वाजवायचा. हा ड्रमवाला जुन्या शहरातल्या एका मुसलमान घरातला, लग्नाचा बँड चालवणाऱ्यांचा मुलगा आणि यांचा जिवाभावाचा मित्र. तो बिचारा माझ्याकडं येऊन तक्रार करायचा, "भाभी, इनकू समझाओ ना. पब्लिक पिक्चर का गाना मंगती, अन् ये टँकर पे गारें." मी म्हणायचे, "मग तू सोड की." तो म्हणायचा, "कैसा छोडूं? हंडे का काम दूसरे कू नै जमता."

हळदीच्या कार्यक्रमातून यांना दोनदा उठवलं. एका मंडळानं नारळ देऊन, हात जोडून घरी पाठवलं. यांना त्याचं काही वाटायचं नाही. लोक कंटाळले तर तो लोकांचा प्रश्न, असं म्हणून शांत झोपायचे. जगाची पर्वा नसलेला माणूस, असं सगळे म्हणत. मी म्हणायचे नाही, कारण मला आतलं माहीत होतं. यांना आख्ख्या जगातून एकच श्रोता पाहिजे होता, आणि तो खाली पीठ चाळत बसलेला असायचा.

मामांनी एकदा, फक्त एकदा, समोर बसून ऐकावं. चांगलं म्हणू नये हवं तर, पण ऐकावं. दर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हे खाली जायचे आणि समोर उभे राहून म्हणायचे, "आबा, उद्या येता का?"

मामा जात्याच्या दगडाला टाके घालणारी छिन्नी थांबवून, वर बघत म्हणायचे, "आरं, दिवसभर डोक्यावर तेच तं ऐकतो. तिथं काय येगळं हाय?"

"तिथं पूर्ण असतं."

"बगू. लाईट असली तं नाय जमायचं."

मामांचा हा एकच कायदा होता: लाईट असताना गिऱ्हाईक दारातून परत जाता कामा नये. पाहुणे असोत, सण असो, स्वतःच्या अंगात ताप असो. लाईट आहे म्हणजे गिरणी सुरू, आणि गिरणी सुरू म्हणजे मामा तिच्याजवळ. दर डब्याला ते जात्याच्या अंगावर तळहात ठेवायचे, डोळे बारीक करून थोडं थांबायचे. पट्टा ढिला वाटला तर ताणायचे, पुन्हा हात ठेवायचे आणि म्हणायचे, "हां. आता चालू दे." कुणाला उद्देशून म्हणायचे देव जाणे. मला वाटतं, गिरणीलाच.

मग यांचा मोठा कार्यक्रम ठरला. मांडवात नाही, चांगल्या नाट्यगृहात, तिकीट लावून. मामांनी या वेळी "येतो" म्हटलं. हे त्या दिवशी सकाळपासून असे वागत होते, जणू मुलगी बघायला निघालेत. दुपारीच नाट्यगृहात जाऊन यांनी पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर स्वतःचा रुमाल टाकून ठेवला, एसटीत जागा धरतात तसा. मी म्हटलं, "अहो, आपलाच कार्यक्रम आहे, जागा कोण पळवतंय?" तर म्हणाले, "तरी असू दे."

मामा आले नाहीत. दिवसभर गेलेली लाईट नेमकी संध्याकाळी आली, आणि दारात डब्यांची रांग लागलेली. हे सगळा वेळ त्या रुमालाकडं बघून वाजवत होते. त्या दिवशी लोक उठून गेले नाहीत, उलट उभं राहून टाळ्या दिल्या, आणि यांनी खाली उतरून आधी तो रुमाल उचलला, घडी घातली, खिशात ठेवला. मला इतका संताप आला होता की घरी आल्यावर मी मामांना जेवायला वाढलं पण पानाशी भाकरी आदळली. त्यानंतर यांनी "उद्या येता का" विचारणं सोडलं.

माझा राग काही दिवस टिकला. मामांशी मी कामापुरतं बोलत होते. अशाच एका सकाळी मी गिरणीत त्यांच्या पाठीमागं डबे लावत होते. गहू जोरात चालू होता आणि एकदम लाईट गेली. गिरणी थांबली की कशी शांतता होते ते गिरणीशेजारी राहणाऱ्यालाच कळतं. बाहेरच्या लिंबावरची चिमणी ऐकू आली. मी म्हटलं, "मामा, गव्हाचा डबा बाजूला घेऊ का?"

मामा हलले नाहीत. मला वाटलं, रागावलेत. मी जरा मोठ्यानं म्हटलं. मग तिरसटपणानं, अगदी ओरडून. ते तसेच पाठमोरे, पीठ झटकत. मी जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा दचकून वळले, आणि माझ्या तोंडाकडं बघू लागले. डोळ्यांकडं नाही, ओठांकडं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की गिऱ्हाइकांशी मामा कायम समोर उभे राहूनच बोलतात. इतकी वर्षं मी त्याला अदब समजत होते.

"किती दिवस झाले?" मी सावकाश विचारलं.

"दिवस नाय, वर्सं झाली," मामा म्हणाले. "आदी थोडं थोडं यायचं. आता कायच नाय. गिरणीनंच खाल्लं कान. तू कुनाला बोलू नको, सूनबाई. म्हाताऱ्याला ऐकू येत नाय म्हनल्यावर लोक दुसरीकडं जातील. म्हनतील, याला दगड बिघडलेला तरी कळंल का?"

"आणि यांना?"

मामा खाली बसले. हातातलं फडकं उगाच पिळत राहिले. "त्याला तं नायच सांगायचं. कान व्हते तव्हा गेलो नाय. म्हनलं, जाऊ पुढं कव्हा. त्या दिशी येतो म्हनलो, पन पाय उचलंना. आता जाऊन पुढं बसू, अन् नुसतं त्याच्या तोंडाकडं बगत बसू? त्याला कळनार नाय का? लई आशेनं बोलवायचा गं... लई आशेनं."

मला रडू आवरलं नाही. मामांनी "हो" म्हणवून घेतलं आणि मी "हो" म्हटलं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या खानदानाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहालाच मी यांना सगळं सांगून टाकलं.

यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे वर मी काय वाजवतो ते आबांना इतकी वर्षं ऐकूच येत नव्हतं?"

"बहुतेक नाही."

"अन् मला वाटायचं, ऐकूनही कधी बंद कर म्हणत नाहीत," हे म्हणाले आणि स्वतःशीच हसले. हसता हसता डोळे पुसले. मग उठून गिटारीला नवी तार चढवत बसले. खाली नेमकी बाजरी लागली होती.

दुपारी मामा जेवणापुरती गिरणी बंद ठेवत, मोटर गार व्हायला. मामा जेवून हात धूत होते तोवर हे खोकं घेऊन खाली उतरले. मागून मी पाट घेऊन. यांनी गिरणीच्या बोर्डात वायर खुपसली, खोकं मामांच्या बाजेशेजारी ठेवलं, पाट टाकला, अनवाणी वर चढले. मामांनी आधी यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी दुसरीकडं बघितलं. सांगू नको म्हटलेलं मी सांगितलं हे त्यांना कळलंच. ते बाजेवर बसले आणि कपाळाला आठ्या घालून त्या खोक्याकडं बघू लागले, नवं यंत्र आल्यासारखं.

हे जाड तार छेडून थांबले. पुन्हा छेडली. कुणी काही सुचवलं नाही. जे घरघरतं त्यावर तळहात ठेवायचा, एवढी एकच सवय त्या हाताला होती. मामांनी वाकून खोक्यावर हात ठेवला आणि डोळे बारीक केले.

हे वाजवू लागले. टँकरचं गाणं, पण सावकाश. शब्द नव्हतेच, कुणासाठी म्हणायचे? मामांचा हात खोक्यावर होता आणि चेहरा हळूहळू बदलत होता. मध्येच ते म्हणाले, "बाजरी हाय."

यांचा हात थांबला.

"बाजरीच हाय ना?" मामा म्हणाले. "आपलीच गिरणी हाय ही."

यांनी मान हलवली. पुन्हा तार छेडली. मामांनी हात जरा सरकवला, ओठ मुडपले आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, "पट्टा ढिला हाय. ताण."

नवी तार उतरली होतीच. माझ्या कानाला पत्ता नव्हता, यांनी मात्र खुंटी पिळली आणि तार चढवली. मामांनी पुन्हा तळहात टेकवला, वाट पाहिली.

"हां," म्हणाले. "आता चालू दे."

हे वाजवू लागले, डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता. जेवणाची वेळ संपली. दारात गिऱ्हाइकं डबे घेऊन उभी राहू लागली. वर बल्ब जळत होता, लाईट चांगली होती. पहिल्या बाईनं उंबऱ्यावर डबा ठेवला आणि मामांना हाक मारली. मामांनी तिच्याकडं बघितलं, खोक्यावरचा हात काढला नाही, दुसरा हात वर करून म्हणाले, "गिरणी बंद हाय. उद्या या."